प्रॅक्टिस करायचीय, मग रिसर्च कशाला?

प्रश्न : सर, मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढे गावी जाऊन प्रॅक्टिस करायचीय. सीनियर म्हणतात एखादा रिसर्च पेपर नावावर पाहिजेच, पैसे भरले की छापून येतो. साध्या डॉक्टरला खरंच रिसर्चची गरज असते का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : पैसे भरून पेपर अजिबात छापू नकोस. त्यातून तू काही शिकणार नाहीस, आणि उद्या तो खोटा आकडा वाचून कुणीतरी पेशंटला औषध देईल, हे मला फार गंभीर वाटतं.

स्वतः संशोधन केलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही, उत्तम निदान करणारे कितीतरी डॉक्टर आहेत ज्यांनी एकही पेपर लिहिला नाही. पण दुसऱ्याचं संशोधन तपासून वाचता आलंच पाहिजे. औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर, येऊन सांगतो की औषधाने धोका निम्मा होतो, तेव्हा विचारायचं, कितीचा निम्मा? हजारात दोनाचा एक झाला तरी निम्माच की! आणि नुसत्या तर्कावर तर जाऊच नये. हार्ट अटॅकनंतर ठोके अनियमित पडतात म्हणून ते दाबणारी औषधं अमेरिकेत सर्रास देत होते, सगळ्यांना पटलेलं होतं, मग कास्ट नावाची ट्रायल झाली आणि १९८९ मध्ये कळलं की त्यातली फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधं घेणाऱ्यांत मृत्यू उलट जास्त झाले. ठोके सुधारले, माणसं गेली.

आणि गावात राहून रिसर्च होत नाही असं तर मुळीच समजू नकोस. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागले, विंचू चावलेली पोरं डोळ्यांदेखत दगावत होती, त्यांनी एकेका पेशंटची लक्षणं, बीपी, नाडी बघून नोंदी ठेवल्या, १९८२ मध्ये ते निरीक्षण लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलं. पुढे प्राझोसिन हे बीपीचं औषध वापरायला लागल्यावर मृत्यू कितीतरी कमी झाले. मोठी लॅब नव्हती, नोंदी होत्या आणि पडलेला प्रश्न सोडायचा नाही ही जिद्द होती.

तेव्हा आत्तापासून केसच्या नोंदी नीट लिहायची सवय लाव. पुढे एमडी केलंस तर थिसिस करावाच लागेल, तेव्हा सीनियरचा जुना विषय उचलू नकोस, तुझ्या ओपीडीत पडलेला प्रश्न घे. एमबीबीएसमध्येच करून बघायचं असेल तर आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, विद्यार्थ्यांसाठी शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे, त्यासाठी शिकवायची मनापासून आवड असलेला गाइड कॉलेजात शोध.