एडब्ल्यूडी गाडी टोचन करण्यापूर्वी

तुमचा प्रश्न वाचून माझाच एक जुना मूर्खपणा आठवला, म्हणून जरा लांबण लावतो. महेश्वरहून परतताना जाम गेटच्या घाटात दगडावर आपटून तुमच्या गाडीचा इंजिनाखालचा ऑइल चेंबर फुटला. गाडी ऑटोमॅटिक, त्यात एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी. क्रेनवाला पुढची चाकं उचलून इंदूरला न्यायला तयार होता, पण तुम्ही अडून बसलात आणि तीन तासांनी फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक, आला. तोवर आई-बाबा वैतागले आणि घरच्यांची बोलणी खावी लागली. आता तुम्ही विचारताय, की एवढा हट्ट खरंच गरजेचा होता का? आणि वळणावरून गाडी बाजूला घ्यायला दोरीने वीस-पंचवीस मीटर ओढली, त्याने काही बिघडलं असेल का?

हट्ट शंभर टक्के गरजेचा होता. आणि वीस-पंचवीस मीटरने काही होत नाही, ती चिंता सोडा.

आपल्याकडच्या क्रेनवाल्यांना मी खोटारडे म्हणणार नाही. त्यांच्या हाताखालून रोज जातात त्या अल्टो, स्विफ्ट, आय-टेन. या सगळ्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्या. पुढची चाकं वर घेतली की मागची नुसती गडगडत येतात, त्यांना इंजिनाशी काही देणंघेणं नसतं. त्यामुळे "कुछ नी होगा भिया, न्यूटल में डाल दो" हे त्यांचं वाक्य त्या गाड्यांपुरतं अगदी बरोबर आहे. तुमच्या गाडीला ते लागू नाही, एवढंच.

खरी गोम त्या न्यूट्रलमध्येच आहे. न्यूट्रल केलं की इंजिन चाकांपासून सुटतं, पण पुढची चाकं मागच्यांपासून सुटत नाहीत. ती गिअरबॉक्सच्या पलीकडे, खालून जाणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टने एकमेकांना बांधलेली असतात. आडवं इंजिन असलेल्या बहुतेक एडब्ल्यूडी गाड्यांमध्ये (एक्सयूव्ही ७००, ग्रँड व्हिटारा, कोडियाक, टिगुआन, जुनी डस्टर) या शाफ्टच्या मागच्या टोकाला, डिफरन्शियलच्या (दोन मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दातेरी डब्याच्या) तोंडाशी शाफ्टला मागच्या चाकांशी जोडणारं-सोडणारं एक कपलिंग असतं. आत क्लचसारख्या प्लेटांची चवड असते. एरवी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगात फरक पडतो तो वळणावर किंवा चिखलात, आणि तोही थोडा वेळ. कपलिंग तेवढा फरक सहज पचवतं.

आता पुढची चाकं क्रेनवर पट्ट्याने आवळलेली, म्हणजे शाफ्ट ठप्प. मागची चाकं रस्त्यावर. ताशी ४० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ३०० फेरे घेतं, आणि डिफरन्शियलच्या दात्यांमुळे कपलिंगच्या मागच्या बाजूला ते फेरे दुपटीहून जास्त होतात. एक बाजू थांबलेली, दुसरी सुसाट. कपलिंग 'बंद' असलं तरी प्लेटा तेलात घासतच राहतात, तेल तापतं आणि शेवटी जळतं. काही जुन्या गाड्यांत या क्लचच्या जागी सिलिकॉनचं घट्ट तेल भरलेलं व्हिस्कस कपलिंग असतं. ते तर तापलं की जाम होऊन दोन्ही बाजू एकत्र पकडतं. मग गाडी क्रेनवरून उसळी घेऊ शकते.

मी हे तोंडपाठ सांगतोय कारण पैसे भरून शिकलोय. काही वर्षांपूर्वी माझी सातआसनी एडब्ल्यूडी मानपूरच्या पुढे बंद पडली होती. पाऊस, अंधार, मागे ट्रकांची रांग. क्रेनवाला म्हणाला चला, मी म्हटलं चला. पुढची चाकं उचलली आणि निघालो. राऊच्या आसपास काचेतून जळक्या तेलाचा वास आत यायला लागला. मी समजलो, क्रेनचाच क्लच जळतोय! राजेंद्रनगरला घरी उतरवून घेतली तेव्हा मागच्या डिफरन्शियलला हात लावून बघितला आणि चटका बसला. तेल काढलं तर काळंकुट्ट, त्यात चमचमणारी धातूची पूड. कपलिंग अख्खं बदलावं लागलं आणि बिल लाखाच्या वर गेलं. मूळ बिघाड होता इंधनाच्या पाइपचा, काही शे रुपयांचा. वडील आजही कुणी क्रेन म्हटलं की माझ्याकडे बघतात.

गंमत म्हणजे एबी रोडवरच्या (आग्रा-मुंबई महामार्गावरच्या) कुठल्याही ट्रक ड्रायव्हरला हे शिकवावं लागत नाही. ट्रक लांब टोचन करून न्यायचा असेल तर तो आधी खाली शिरून शाफ्टचा जॉइंट खोलतो, नाहीतर एक्सल बाहेर काढतो. गिअरबॉक्स कोरडा फिरू द्यायचा नाही हे त्याला ठाऊक असतं. आपण कारवाले मात्र न्यूट्रलवर विसंबून राहतो.

मग चारही चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढली तर? कपलिंगच्या दृष्टीने ते पुष्कळ बरं, कारण पुढचं-मागचं सारख्याच वेगाने फिरतं. पण तुमची ऑटोमॅटिक आहे. तिच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि चाकांमुळे आतले भाग मात्र कोरडेच फिरत राहतात. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत याला मर्यादा घातलेली असते. अनेक जर्मन ऑटोमॅटिकना ती ताशी ५० किलोमीटर आणि फार तर ५० किलोमीटर अंतर अशी आहे. काही कंपन्या तर दोरीला साफ नाही म्हणतात. तुमच्या पुस्तिकेतलं ते पान आजच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, घाटात रेंज नसते. शिवाय इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड. जाम गेटच्या उतारावर पाच मीटरच्या दोरीला बांधलेली अशी गाडी मी तरी चालवणार नाही.

थार, जिम्नीसारख्यांचा हिशोब वेगळा. त्यांना ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या डब्याचा) वेगळा दांडा असतो, आणि त्यावर 'एन' (न्यूट्रल) असेल तर गिअरबॉक्स दोन्ही शाफ्टपासून सुटतो. तरी पुस्तिका बघूनच. दोन्ही एक्सलना मोटर असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांत तर चाक फिरलं की मोटर फिरते आणि वीज तयार होते. तिथे फ्लॅटबेडशिवाय विचारच नको.

फोन करताना नुसतं "गाडी बंद पडली" म्हणू नका. पहिल्या वाक्यातच सांगा: ऑटोमॅटिक आहे, चारों पहिये पे चलती है, अख्खी गाडी वर चढवणारा ट्रकच पाठवा. आणि ते मेसेजमध्ये लिहून मागा. फोनवर 'हो' म्हणून दोन चाकं उचलणारी क्रेन पाठवण्याचा प्रकार मी दोनदा बघितलाय.

चढवतानाही उभं राहून बघा, अर्धं नुकसान तिथेच होतं. ओढायची कडी बूटमध्ये स्टेपनीच्या खाली टूलकिटमध्ये असते, बंपरवरचं छोटं झाकण काढून ती फिरवून बसवायची. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीला तिचे आटे उलटे असतात, त्यामुळे "बसतच नाही" म्हणून मुलं ती तशीच अर्धवट सोडतात. विंचचा (गाडी वर ओढणाऱ्या तारेचा) हूक तिलाच लावायला सांगा, चाकाजवळच्या खालच्या आर्मला नाही. गिअर 'पी'मधून (पार्कमधून) निघत नसेल तर बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ एक झाकण असतं, त्याच्या आत दाबलं की लॉक सुटतो. बंपर घासत असेल तर रॅम्पखाली लाकडी फळ्या. वर गेल्यावर हँडब्रेक, 'पी', आणि पट्टे चाकांना.

तुमच्या वीस-पंचवीस मीटरबद्दल मनात शंका उरलीच असेल तर चेंबरचं काम होईल तेव्हा मेकॅनिकला कपलिंगचं तेल बघायला सांगा. बऱ्याच गाड्यांत ते डिफरन्शियलच्या तेलापासून वेगळं असतं, हे त्याला मुद्दाम सांगावं लागतं. गाडी हातात आली की रिकाम्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. झटके, कुरकुर किंवा एडब्ल्यूडीचा दिवा नसेल तर विषय संपला.

आणि फ्लॅटबेडवर चढवलेल्या गाडीत आई-बाबांना बसवलं नाहीत, हे फार बरं केलंत. ट्रकच्या केबिनमध्ये जागा नसेल तर महूहून टॅक्सी मागवायची. भाडं लागेल, पण घाटात त्या उंचीवर माणसं नकोत.