नाशिक महानगरपालिका ज्येष्ठ नागरिकांच्या प्रश्नांसाठी सल्लागार आयोग नेमू शकते का, आणि त्याची सुरुवात कशी करावी?

होय, नेमू शकते. त्यासाठी एखाद्या नगरसेवकामार्फत महासभेत ठराव मांडावा आणि सोबत आयुक्तांकडे लेखी निवेदन द्यावे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ असा आयोग नेमण्याची सक्ती करत नाही, म्हणून त्याची रचना, मुदत आणि बैठकांचे वेळापत्रक ठरावातच स्पष्ट लिहिले पाहिजे. अन्यथा पहिल्या बैठकीनंतर तो कागदावरच उरण्याची भीती असते. पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिक रोड, पूर्व आणि पश्चिम या सहाही विभागांतून सदस्य घ्यावेत, त्यांत एकट्या राहणाऱ्या स्त्रिया आणि निवृत्तिवेतन नसलेले कष्टकरी अवश्य असावेत, कारण ज्येष्ठ नागरिक संघांपर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांचे म्हणणे एरवी कोणी विचारतच नाही. आयोगाच्या प्रत्येक शिफारशीवर प्रशासनाने ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावे, ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पदपथ, बसथांबे, मनपा रुग्णालयांतील रांगा, गोदाघाटाच्या पायऱ्यांना कठडे असे मनपाच्या अखत्यारीतील विषय आधी घ्यावेत.

मात्र आयोगाच्या शिफारशी बंधनकारक नसतील, आणि मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्याची तक्रार त्याच्याकडे नेता येणार नाही. त्यासाठी २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्याविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.