"मॅडम, मी व्हिज्युअल लर्नर आहे"

रिझल्ट लागले की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य हमखास कानावर येतं, म्हणजे मला बघूनच समजतं, ऐकून नाही. सरांचं लेक्चर डोक्यात जात नाही, मला व्हिडिओच लागतात वगैरे. सोबत आईबाबा असतातच, वेगळा क्लास लावायचा का विचारायला.

असाच एक मुलगा आला, सेकंड इयर इंजिनिअरिंग, एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिलेला. ऑनलाइन कुठलीतरी टेस्ट देऊन स्वतःवर शिक्का मारून घेतलेला, लेक्चरला दांडी आणि रात्री होस्टेलवर टू-एक्स स्पीडने व्हिडिओ. सुरुवातीच्या भेटी सरांच्या तक्रारींतच गेल्या, त्यातल्या काही खऱ्याही होत्या, पीपीटी वाचून दाखवणं म्हणजे काही शिकवणं नव्हे.

मग एकदा विचारलं, "काल काय बघितलंस?"
"लाप्लास ट्रान्सफॉर्म. एकदम क्लिअर झालं."
मोबाईल बाजूला ठेवायला लावला आणि कोरा कागद पुढे केला. "एक सोपं गणित सोडवून दाखव."

इंटिग्रलची खूण काढली, शून्य ते अनंत लिहिलं, खोडलं, परत तेच लिहिलं. मग नुसतं पेनाचं टोपण लाव-काढ. मी गप्प होते (अशा वेळी गप्प बसता आलं पाहिजे, नव्या समुपदेशकांना मी हे आवर्जून सांगते). शेवटी म्हणाला, "पण बघताना तर सगळं समजत होतं."
"अरे, गणित तर व्हिडिओतला माणूस सोडवत होता ना!"
आधी हसला, मग बराच वेळ त्या कागदाकडेच बघत बसला. तिथून पुढे सरांचा विषय फारसा निघाला नाही.

नील फ्लेमिंग यांची व्हार्क प्रश्नावली (बघून, ऐकून, वाचून-लिहून की करून शिकायला आवडतं हे विचारणारी) आवड सांगते, पण आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त येतं याला पुरेसा पुरावा नाही असं मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्येच लिहून ठेवलंय. 2019 मध्ये हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांवरचा अभ्यास आला, त्यात वर्गात स्वतः प्रश्न सोडवणाऱ्या मुलांना नुसतं लेक्चर ऐकणाऱ्यांपेक्षा चाचणीत मार्क जास्त पडले पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं, कारण डोक्याला ताण पडला की तो आपल्याला न समजल्यासारखाच वाटतो. माझं मत पहिल्यापासून हेच आहे.

म्हणून व्हिडिओ बंद करा असं मी सांगत नाही. पुढची स्टेप यायच्या आत पॉज करायचं आणि आपली लिहायची, दुसऱ्या दिवशी वही न उघडता तेच परत. लेक्चर कंटाळवाणं असलं तरी तासानंतर दोन मिनिटं आठवून लिहायचं. पहिला आठवडा वैताग येतो, येऊ दे.

त्याच्या आईला तरी क्लास लावायचाच होता. म्हटलं, आधी मागच्या पेपरांच्या झेरॉक्स काढून आणा.