इमारती आणि यंत्रांची चित्रपुस्तकं: घेण्याआधी आतलं पान कसं तपासावं

निपाणीच्या ताईंचा प्रश्न असा आहे: आठ वर्षांच्या मुलाला जेसीबी, पूल, धरणं यांचं वेड आहे, पण आणलेली पुस्तकं एकदा चाळून तो बाजूला टाकतो. मग पुस्तक निवडायचं कसं, आणि मराठी घ्यायचं की इंग्रजी?

ताई, मुलाचं काही चुकत नाही. या विषयावरची बरीच पुस्तकं 'सर्वांत उंच, सर्वांत लांब, सर्वांत जड' एवढंच सांगून थांबतात. ते एकदा कळलं की पुस्तक परत उघडायचं कशाला? मी दुकानात पुस्तक हातात घेतलं की मजकूर तळहातानं झाकतो आणि नुसतं चित्र बघतो. ही वस्तू उभी कशी राहिली किंवा हलते कशी, हे चित्रावरून कळत असेल तरच पुढचं पान उलटायचं.

गोलघुमटाचंच घ्या. आपल्याकडच्या शाळांच्या सहली विजापूरला जातात, त्यामुळे मुलांना तो माहीत असतो. बहुतेक पुस्तकांत त्याचा एक फोटो, मुहम्मद आदिलशहाची कबर, 1656 साल, घुमटाचा बाहेरून 44 मीटर व्यास आणि प्रतिध्वनीची गंमत. बास. पण खाली खोली चौकोनी आणि वर घुमट गोल, तर चार कोपऱ्यांचं काय केलं? मधे एकही खांब नाही, मग तेवढं वजन गेलं कुठं? चांगल्या पुस्तकात इमारत मधोमध कापून दाखवलेलं चित्र, म्हणजे छेदचित्र, असतं. त्यात एकमेकींना छेदत जाणाऱ्या आठ कमानी दिसतात. त्यांच्यामुळे कोपरे वर जाता जाता भरत येतात, चौकोनाचा अष्टकोन होतो आणि त्यावर घुमटाचं गोल कडं टेकतं. घुमट बाहेर रेटतो, तर कमानींमधलं आत झुकलेलं बांधकाम आपल्या वजनानं त्याला आवरून धरतं. असं चित्र पाहून गेलेला मुलगा आत शिरल्यावर आधी मान वर करून कोपरे शोधतो.

यंत्रांच्या चित्रांत तर चुकाही सापडतात, आणि त्या पकडणं अवघड नाही. मुखपृष्ठावर तीन दातेरी चाकं त्रिकोणात एकमेकांत अडकलेली दिसली की मी सावध होतो. शेजारची दोन चाकं नेहमी उलट दिशेनं फिरतात. तिन्ही एकमेकांना भिडली तर कुठलंच हलणार नाही. आपल्या भागातल्या गुऱ्हाळावरचा चरक मुलाला दाखवा. वरचा रोलर खालच्या दोघांवर चालतो, पण खालचे दोघे एकमेकांना भिडत नाहीत. हे पाहिलेलं पोर चित्रातली चूक तुमच्या आधी सांगेल.

जेसीबीचं पान असेल तर मागच्या हाताकडे बघा. मोठा हात, त्याच्या पुढचा छोटा हात आणि बकेट, या प्रत्येकाला हलवणारा सिलेंडर चित्रात वेगळा दिसायला हवा, आणि त्यातून निघणारा चकचकीत दांडा कुठं जोडलाय तेही. त्याहून बारीक गोष्ट म्हणजे नळ्या. सिलेंडरला दोन नळ्या लागतात: एकीतून तेल दाबानं आलं की दांडा बाहेर येतो, दुसरीतून आलं की आत जातो. चित्रकारानं नळ्या शोभेसाठी कुठूनही कुठंही फिरवल्या असतील तर ते पुस्तक ठेवून द्या. बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात कुणी नातेवाईक कामाला असेल तर त्यालाच पान दाखवा. तिथं हायड्रॉलिकचं, म्हणजे अशा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचं काम रोज करणारी माणसं आहेत, आणि मुलांना समजावून सांगायला अशा माणसांना फार आवडतं.

झुलत्या पुलाच्या चित्रात दोर मनोऱ्यावरच संपलेला दाखवतात. खरा दोर मनोऱ्यावरून पलीकडे उतरून काठावर भक्कम अडकवलेला असतो. तो नसेल तर मनोरे आतल्या बाजूला ओढले जातील. गोकाकला गेलात तर झुलत्या पुलाचे दोर कुठं जाऊन संपतात ते मुलाला शोधू द्या. धरणाचा छेद तळाशी रुंद दाखवलाय का, आणि पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो म्हणून तो तसा आहे हे सांगितलंय का, एवढं बघितलं तरी पुरे.

आणखी एक, चित्रात माणूस हवा. शेजारी गवंडी किंवा ड्रायव्हर उभा असला की आकार आपोआप कळतो.

वयाचा फार विचार करू नका. पाच वर्षांच्या मुलाला एका पानावर एकच यंत्र बरं, पण आठव्या वर्षी छेदचित्र नक्की झेपतं.

आता भाषेचं. चित्र उत्तम असेल तर इंग्रजी पुस्तक बिनधास्त घ्या आणि पहिल्यांदा तुम्ही शेजारी बसून मराठीत सांगा. पण त्याला एकट्यानं वाचता येईल असं एखादं पुस्तक घरात असलंच पाहिजे. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं मराठीत आणि कन्नडमध्येही निघतात; मुलगा कन्नड माध्यमात असेल तर तेही सोयीचं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर दोन्ही भाषांत फुकट वाचता येतं, मात्र छेदचित्र मोबाइलच्या पडद्यावर वाया जातं, त्याला कागदच हवा. अनुवादित पुस्तकात भागांची नावं योग्य रेषेच्या टोकाशी छापलीत ना, तेवढं तपासा. मजकूर बदलताना तिथं हमखास गडबड होते.

तुमच्या मुलासाठी मी जेसीबी किंवा क्रेनच्या पुस्तकापासूनच सुरुवात करेन, शंभर यंत्रांचा जाडजूड कोश नको. मागवायचं असेल तर दुकानदाराकडून आतल्या दोन पानांचे फोटो आधी मागून घ्या आणि इथं टाका, मी बघून सांगतो.