फिल्म कॅमेरा मॅन्युअल असो वा ऑटोमॅटिक, त्याने छायाचित्रकाराच्या सवयी खरोखर बदलतात का?

बदलतात, आणि तो फरक फोटोच्या दर्जापेक्षा हाताच्या व नजरेच्या वळणात अधिक जाणवतो. १९७६ साली आलेल्या पेंटॅक्स के-१००० या मॅन्युअल कॅमेऱ्यात सेल लागतो तो केवळ प्रकाशमापकासाठी. त्याच वर्षीच्या कॅनन एई-१ या ऑटोमॅटिक कॅमेऱ्याचे शटर मात्र सेलवरच चालते, त्यामुळे सेल संपला की कॅमेरा मुका होतो.

पुण्याच्या महात्मा फुले मंडईचे उदाहरण घ्या. छपराखालच्या सावलीत भाजीवाली बसलेली असते आणि तिच्या मागे दारातून ऊन येत असते. अशा वेळी प्रकाशमापक त्या उन्हाला भुलतो आणि चेहरा काळवंडतो. मॅन्युअल वापरणारा तिच्याजवळच्या सावलीत स्वतःचा तळहात धरून मोजणी घेतो, आणि प्रकाशमापक ज्याला प्रमाण मानतो त्या मध्यम करड्या रंगापेक्षा तळहात उजळ असल्यामुळे भिंगाचे छिद्र आणखी एका स्टॉपने (म्हणजे दुप्पट प्रकाश येईल इतके) उघडतो. एई-१ वर याकरिता बॅकलाइटचे बटण आहे, पण ते दाबायचे केव्हा हे ओळखणारी नजर बटणासोबत मिळत नाही. (मलाही ती दोन रोल वाया घालवल्यावरच आली.)

पालखीच्या गर्दीत मात्र मी फोकसही आपोआप करणारा ऑटोमॅटिकच नेतो. तिथे फोकसचे कडे फिरवेपर्यंत वारकरी पुढे निघून गेलेला असतो. मोटरवर फिल्म सरकवणाऱ्या कॅमेऱ्यात रोलचे ३६ फोटो पुण्यातला अलका चौक ओलांडण्याआधीच संपतात, हे तेवढे ध्यानात ठेवावे.