वाचकांचे प्रश्न : एमजीबी घेताना आणि सांभाळताना

प्रश्न : इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. १९७२ची क्रोम बंपरवाली एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची उघड्या छपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पाहिली आहे. रंग चकचकीत, इंजिन गोड चालते. घ्यावी का?

रंग बघू नका, खाली वाका. एमजीच्याच आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, होती. १९६२मध्ये आलेल्या एमजीबीची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यात रोडस्टरला छपराचाही आधार नाही, म्हणून सगळा भार दारांखालच्या सिलवर येतो. ही सिल म्हणजे पत्र्याचे थर एकमेकांना जोडून केलेली पेटी. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल फेंडरच्या मागच्या कोपऱ्यात साचतो, ओल धरून ठेवतो आणि गंज तिथून आत शिरतो. कुजलेल्या आतल्या थरावर नवा बाहेरचा पत्रा चढवून विकलेल्या गाड्या भरपूर आहेत.

लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सिलवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे लांबी (पुटी) भरलेली आहे. दाराची फट वर आणि खाली सारखी हवी. मग दुसऱ्या बाजूची चाके अडवून गाडी जॅकिंग पॉइंटवर उचला आणि दार हळू लावून बघा. दार अडले तर गाडी मधोमध वाकते आहे. जॅक लावताच पत्रा कुरकुरला, तर पुढचे बघायची गरजच नाही.

सिल बदलायची झाल्यास दार जागेवर ठेवूनच फट मोजत काम व्हावे. दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड करून घ्यावी. दोन्ही बाजू एकदम कापणाऱ्या डेंटरकडे गाडी देऊ नका. आणखी एक : ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला एमओटी, म्हणजे दरवर्षीची सरकारी तपासणी, बंधनकारक नाही, त्यामुळे कुजका तळ वर्षानुवर्षे कुणी पाहिलेला नसतो. ताजी एमओटी मागा.

इंजिनची चिंता कमी करा. १७९८ सीसीचे हे बी-सिरीज इंजिन साध्या घरगुती मोटारींच्या कुळातले, पाने-पक्कड जमणाऱ्या माणसाला उघडता येणारे. या गाडीची खरी गोडी त्यातच आहे, वेगात नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेजने तर १९८८पासून अख्ख्या नव्या बॉड्या बनवल्या.

प्रश्न : माझ्या एमजीबीला एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर आहेत. इंजिन गरम झाले की आयडलिंग डळमळते. स्क्रू फिरवून थकलो.

स्क्रू शेवटी. आधी थंड इंजिनवर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट ०.३८ मिमी, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी, मग ठिणगीचे टायमिंग. एसयूच्या नावावर खपलेल्या अर्ध्या तक्रारी इथेच संपतात.

डॅशपॉटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या डोक्यावरच्या नळकांड्यात, २० ग्रेडचे ऑइल पोकळ दांड्याच्या तोंडाच्या सुमारे १३ मिमी वर हवे. ते कमी असेल तर पाय दाबताच गाडी अडखळते. आता इंजिन गरम करा, दोन्ही कार्ब्युरेटरना जोडणारे क्लॅम्प सैल करा आणि रबरी नळीचे एक टोक कानाला, दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा. दोन्हीकडची फुसफुस सारखी होईपर्यंत थ्रॉटलचे (हवेच्या झडपेचे) स्क्रू जुळवा.

हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरसाठी कार्ब्युरेटरमधला पिस्टन खालच्या पिनने जेमतेम १ मिमी उचला. इंजिन क्षणभर चढून स्थिरावले तर बरोबर, चढलेलेच राहिले तर रिच (पेट्रोल जास्त), दम टाकला तर लीन (पेट्रोल कमी). जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या नळीचा) नट एका वेळी एकच पैलू फिरवा. सगळेच बिनसले असेल, तर जेट वर सपाट करून १२ पैलू, म्हणजे दोन फेरे, खाली घ्या आणि तिथून सुरू करा.

तरीही जमत नसेल, तर थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवून बघा. तो खुळखुळत असेल, तर तिथून हवा शिरते आहे. स्क्रू कितीही फिरवा, ती थांबणार नाही.

प्रश्न : काळ्या रबरी बंपरच्या एमजीबी स्वस्त का?

अमेरिका ही या गाडीची सर्वांत मोठी बाजारपेठ होती. तिथल्या बंपरच्या आणि दिव्यांच्या उंचीच्या नियमांपायी १९७४च्या अखेरीस जाड बंपर आले आणि गाडी सुमारे ३८ मिमी उंच झाली. ती वळणावर जास्त कलू लागली, म्हणून जुने शौकीन नाक मुरडतात. पण १९७७च्या मॉडेलपासून हा कल रोखणारे अँटी-रोल बार सुधारले. मिरवायची नसून चालवायची असेल, तर १९७७ ते ऑक्टोबर १९८०मध्ये एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंतची घ्या. सिल मात्र तिचीही तपासा.