हायब्रिड घाटात एवढी का ओरडते?

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बरीच हायब्रिडच्या, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटार दोन्ही असलेल्या गाडीच्या, आवाजाची आहेत. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजवरही आठवड्यातून एखादा तरी हीच तक्रार घेऊन येतो. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर गिअरची गाडी चालवली. आता मुलाने दीड लिटर, तीन सिलिंडरची स्ट्राँग हायब्रिड घेऊन दिली. गावात गाडी सुरू आहे की बंद, तेही कळत नाही. पण लेकीकडे कराडला निघालो, पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाटाला लागलो, की काही वळणांतच इंजिन ओरडायला लागतं. काटा चाळीसवर आणि आवाज शंभरचा! येताना उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, तरी मध्येच तसाच आवाज. क्लच प्लेट जळत असावी असा माझा संशय आहे. सर्व्हिस सेंटरवर 'नॉर्मल आहे' एवढंच सांगतात. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : सर, संशय रास्त आहे. गिअरच्या गाडीत आवाज चढला आणि वेग चढला नाही, तर प्लेट घसरतेय हे पोरसवदा मेकॅनिकही सांगेल. तुमच्या गाडीत मात्र घसरायला क्लच प्लेटच नाही. सीव्हीटी, म्हणजे गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक, म्हटलं की जो पट्टा डोळ्यांसमोर येतो, तोही नाही. ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस या सगळ्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे नुसत्या मोटारीवरही चालू शकणाऱ्या गाड्यांमध्ये, टोयोटाची जी पद्धत आहे, तिच्यात इंजिन आणि दोन मोटारी एका प्लॅनेटरी गिअरच्या (मधल्या चाकाभोवती छोटी दातेरी चाकं फिरणाऱ्या) संचावर जोडलेल्या असतात. १९९७ साली जपानात पहिली प्रियस आली, तेव्हापासून मूळ कल्पना हीच. इंजिनाची ताकद तिथे दोन वाटांनी फुटते : एक वाट थेट चाकाकडे, दुसरी जनरेटरकडे. त्यामुळे इंजिनाने किती फिरायचं हे चाकाच्या वेगावर ठरत नाही. या क्षणाला किती ताकद लागतेय ते कॉम्प्युटर बघतो आणि इंजिनाला त्या फेऱ्यांवर नेऊन ठेवतो. चाळीसच्या वेगाला मिनिटाला चार हजार फेऱ्या लागत असतील, तर चार हजार.

तुमचा कान गिअरवर तयार झालाय. आवाज चढणार, गिअर पडणार, आवाज उतरणार, ही लय त्याला पाठ आहे. इथे गिअर पडतच नाही, म्हणून आवाज एका सुरात लांबत जातो आणि चालवणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. या गाड्यांना आरपीएमचा काटाही नसतो; त्या जागी चार्ज, इको, पॉवर असा काटा असतो. म्हणजे कानाला जे खटकलं ते डोळ्यांनी पडताळायची सोयही नाही. हे मला कंपन्यांचं चुकलेलंच वाटतं. निदान हौशी माणसासाठी तरी आरपीएम दाखवायला काय हरकत होती?

आता घाटातच का, ते हिशेबाने बघू. माणसं आणि सामान धरून गाडी १,६०० किलो समजा. ती ६०० मीटर उंच चढवायची, तर नुसत्या चढण्यालाच अडीच युनिटांहून जास्त ऊर्जा लागते. युनिट म्हणजे आपल्या लाइटबिलावरचंच. आणि तुमच्या गाडीची हायब्रिड बॅटरी आहे ०.७६ युनिटची, म्हणजे जेमतेम पाऊण. तीही पूर्ण रिकामी होऊ देत नाहीत, बॅटरीचं आयुष्य टिकावं म्हणून खालचा-वरचा भाग राखून ठेवतात. त्यामुळे पहिल्या काही वळणांत मोटारीने हात दिला, की पुढचा सगळा घाट इंजिनाच्या अंगावर येतो. वर बॅटरीही फार खाली जाऊ द्यायची नाही, हे काम त्याच्याकडेच.

त्यातून हे इंजिन ॲटकिन्सन सायकलचं. आत आलेली थोडी हवा पिस्टन वर येताना परत बाहेर सोडून देणारं, कारण इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. पेट्रोल वाचतं, पण खालच्या फेऱ्यांवर दम कमी पडतो. तुमच्या इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपास मिळतो. सपाट रस्त्यावर ही उणीव मोटार भरून काढते. घाटात बॅटरी उतरली की इंजिनाला फिरूनच ताकद काढावी लागते. तीन सिलिंडरमुळे थरथर थोडी जास्त. आणि इतका वेळ गाडी अगदी गप्प होती, म्हणून तोच आवाज दुप्पट वाटतो.

करायचं काय? गाडी इकोवर असेल तर घाटाच्या पायथ्याला नॉर्मलवर घ्या. इकोवर पेडल मऊ होतं, मग आपण नकळत ते जास्त दाबत राहतो. पाय एका जागी ठेवा. आवाज आला की पाय काढायचा, गाडी मंदावली की परत दाबायचा, या खेळात इंजिन जास्तच कोकलतं. ओव्हरटेक करताना आवाज आधी येईल, वेग एक श्वास मागून. ते अंतर धरूनच बाहेर पडा. कुंभार्लीच्या वळणांवर हे विसरून चालायचं नाही.

उताराची गंमत वेगळी आहे. कोयनेचं पाणी वरून खाली पोफळीला येऊन वीज तयार करतं, तसंच तुमची गाडी घाट उतरताना करते. पण खाली येताना मिळणारी वीज ठेवायला जागा तेवढीच, पाऊण युनिट. अर्ध्या घाटात बॅटरी भरते. मग उरलेली वीज कुठे घालवायची? गाडी एका मोटारीने इंजिनालाच गरागरा फिरवते. त्या वेळी पेट्रोल बंद असतं, इंजिन नुसती हवा दाबत असतं आणि त्यात वीज खर्ची पडते. तुम्हाला ऐकू येतो तो हा आवाज. स्क्रीनवर त्या क्षणाचं ॲव्हरेज लावून ठेवा, दांडा टोकाला गेलेला दिसेल. लांब उतारावर लिव्हर मुद्दाम 'बी'वर, म्हणजे इंजिनाने गाडी रोखायच्या जागेवर, घ्या. आवाज लवकर सुरू होईल, पण ब्रेक तापणार नाहीत. सपाटीला आलात की परत 'डी', नाहीतर ॲव्हरेज मार खाईल.

प्रश्न : घोडबंदर रोडच्या जाममध्ये उभी असताना माझी हायब्रिड आपोआप सुरू होते आणि रेस केल्यासारखी घरघरते. सासरे म्हणतात, उभं राहिलं की न्यूट्रल करत जा, म्हणजे इंजिनाला आराम. मी तसंच करते, तर उलट गाडी अधूनमधून जास्तच आवाज करते. — एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, सासऱ्यांचा सल्ला त्यांच्या गाडीला बरोबर होता, तुमच्या गाडीला नाही. तुमचा एसी इंजिनावर नाही, हायब्रिड बॅटरीवर चालतो. जाममध्ये उभं राहून तो बॅटरी खात राहतो, ती खालच्या मर्यादेला आली की इंजिन चार्जिंगसाठी सुरू होतं, काही मिनिटांनी बंद होतं. न्यूट्रलमध्ये या गाड्यांची बॅटरी चार्ज होत नाही! तुम्ही न्यूट्रलवर बसलात, बॅटरी उतरली, मग 'डी'वर घेतल्यावर इंजिन सगळी कसर एकदम भरून काढतं. थोडा वेळ थांबायचं असेल तर 'डी'वर ब्रेक दाबून थांबा, जास्त वेळ असेल तर 'पार्क'. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर मिनिटभर जो मोठा आवाज येतो तो निराळा. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्यासाठी असतो. तो होऊ द्यावा.

न विचारलेलं एक सांगतो. गाडी गप्प आहे म्हणून ती बंद आहे असं समजून बंदिस्त गॅरेजमध्ये सोडून जाऊ नका. डॅशबोर्डवर 'रेडी' दिसतंय तोवर इंजिन कधीही सुरू होऊ शकतं आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. बॉनेट उघडण्याआधीही 'रेडी' गेलेलं बघा.

प्रश्न : सेकंडहँड 'स्मार्ट हायब्रिड' घेतली, मॅन्युअल गिअरची. चढावर आवाज वाढतो, पिकअप नाही. मित्र म्हणतो हायब्रिड अशाच असतात. — एक वाचक, नाशिक

उत्तर : मित्राचं ऐकू नका. तुमची माइल्ड हायब्रिड आहे. तिच्यातली छोटी मोटार पट्ट्यावरून इंजिनाला जरा हात देते, एकटी गाडी ढकलू शकत नाही. वर चिपळूणच्या सरांना त्यांच्या हायब्रिडबद्दल जे सांगितलं ते तुम्हाला लागू नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला पन्नासच्या आसपास पेडल पूर्ण दाबा. आरपीएम उडी मारून वर गेला आणि वेग जागेवरच राहिला, तर क्लच प्लेट गेलीय. विकणाऱ्याशी बोलून घ्या, आणि फोनवर नको, लेखी.

प्रश्न : माझ्या जुन्या हायब्रिडला दोन आवाज आहेत. मागच्या सीटजवळ पंख्यासारखा घूं घूं. आणि सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू झालं की काही सेकंद खडखड, गाडी अंगासकट हलते, मग शांत. कूलंटही मध्येच भरावं लागतं. — एक वाचक, बेळगाव

उत्तर : पहिला साधा आहे. तो बॅटरी गार ठेवणारा पंखा. सीटच्या बाजूला त्याची जाळी असते; तिच्यावर पिशवी, शाल, पोरांचं दप्तर ठेवलेलं नाही ना, ते बघा. आत फिल्टर असेल तर तो धुळीने भरलेला असणार. तो साफ करून घ्या, पण सर्व्हिसवाल्याकडूनच. नारिंगी रंगाच्या वायरींना स्वतः हात लावायचा नाही.

दुसऱ्याला मात्र 'हायब्रिड अशाच असतात' म्हणू नका. सकाळची खडखड आणि कूलंट कमी होणं एकत्र आलं, तर माझा पहिला संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगवर. रात्रभरात कूलंट झिरपून एका सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी तो सिलिंडर मिसिंग करतो. प्रेशर टेस्ट करून घ्या, ईजीआर (जळालेला थोडा धूर परत इंजिनात नेणारी वाट) चोंदलाय का तेही त्याच वेळी बघायला सांगा. तोवर कूलंटच्या टाकीवर मार्करने आजची पातळी मारून ठेवा आणि इंजिन गार असतानाच रोज बघा. पातळी उतरत असेल, तर गाडी चालवत नेऊ नका. टो करून न्या.